पराणीच्या टोकापासून केंद्रापर्यंत : ‘सेंटर’च्या कुळातले इंग्रजी शब्द कसे ओळखावेत

काही वर्षांपूर्वी स्थापत्य अभियांत्रिकीच्या एका पुस्तिकेचे मराठी रूपांतर करण्याचे काम माझ्याकडे आले होते. खांबांवर येणाऱ्या भारांविषयी त्यात एक प्रकरण होते आणि ‘एक्सेंट्रिक लोड’ हा शब्द पानोपानी येत होता. हाताशी असलेल्या छोट्या शब्दकोशात ‘एक्सेंट्रिक म्हणजे विक्षिप्त’ एवढेच दिले होते; मी बेधडक ‘विक्षिप्त भार’ असे लिहून मोकळा झालो. मजकूर तपासणाऱ्या अभियंत्यांनी समासात पेन्सिलीने लिहून पाठवले, ‘भार विक्षिप्त नाही, अनुवादक आहे.’ खांबाच्या मध्यरेषेवर न येता एका बाजूला सरकून आलेला आणि म्हणून खांबाला वाकवू पाहणारा भार, असा तो साधा अर्थ होता. तो मला शब्दातूनच कळायला हवा होता, कारण त्या शब्दाच्या पोटात बसलेले ‘केंद्र’ मी लहानपणापासून रोज उच्चारत आलो होतो.

मराठी माध्यमातून शिकून पुढे इंग्रजीत विज्ञान, वैद्यक, कायदा किंवा भूगोल वाचू लागलेल्यांसाठी आणि नव्याने भाषांतराकडे वळलेल्यांसाठी ही पद्धत लिहीत आहे. या कुळातले पाऊणशे शब्द एकेक करून पाठ करता येतात, पण ते महिनाभरात विसरले जातात, हा स्वानुभव आहे. मूळ पकडले तर पाठांतर फारसे करावे लागत नाही.

जवळ काय असावे

शाळेतली कंपासपेटी, एक कोरी वही, शब्दाची व्युत्पत्ती देणारा कोणताही इंग्रजी कोश, भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि बालभारतीची विज्ञान, गणित व भूगोलाची इयत्ता आठवी ते दहावीची पुस्तके. ही पुस्तके मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही माध्यमांची घ्यावीत. ती संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. दोन्ही माध्यमांतला एकच धडा शेजारी शेजारी उघडून ठेवला, तर याहून चांगला द्विभाषी कोश शोधून सापडणार नाही. यादीतली कंपासपेटी गमतीने लिहिलेली नाही. पहिल्याच पायरीला ती लागणार आहे.

पायरी १ : मूळ शब्द हाताने अनुभवा

कंपास उघडा, त्याचे लोखंडी टोक वहीच्या पानावर रोवा आणि एक वर्तुळ काढा. आता पान उलटा. जिथे टोक रुतले होते तिथे मागच्या बाजूला एक बारीक उंचवटा आलेला दिसेल आणि जोर थोडा जास्त झाला असेल, तर त्याखालच्या पानावरही भोक पडलेले असेल. ग्रीक भाषेतला ‘केंत्रोन’ हा शब्द मुळात या टोचणाऱ्या टोकाचा आहे. ‘टोचणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूपासून तो आला. मधमाशीची नांगी म्हणजे केंत्रोन आणि बैल हाकण्याच्या काठीचे, म्हणजे पराणीचे, अणकुचीदार टोक म्हणजेही केंत्रोन. बायबलच्या नव्या कराराच्या मूळ ग्रीक पाठात, पराणीला लाथ मारून बैल स्वतःलाच जखम करून घेतो अशा अर्थाचे एक वचन आहे, त्यातही हाच शब्द येतो. भूमितीच्या अभ्यासकांनी कंपासच्या रोवलेल्या टोकाला तो लावला आणि मग टोक उचलल्यावर कागदावर उरलेल्या खुणेलाही तेच नाव राहिले. वर्तुळाचे केंद्र म्हणजे ती खूण.

हा शब्द ग्रीकमधून लॅटिनमध्ये ‘केंत्रुम’ झाला, तिथून जुन्या फ्रेंचमध्ये गेला आणि चौदाव्या शतकात इंग्रजीत ‘सेंटर’ होऊन आला. या प्रवासात मुळातल्या ‘क’चा ‘स’ झाला. दुसरी वाट पूर्वेकडची आहे. ख्रिस्ती सनाच्या पहिल्या काही शतकांत ग्रीक फलज्योतिष आणि खगोलगणित भारतात आले, त्यासोबत काही ग्रीक संज्ञाही संस्कृतात आल्या. ‘होरा’ ही त्यांपैकी एक. कुंडलीतले सातवे, म्हणजे लग्नासमोरचे (लग्न म्हणजे कुंडलीतले पहिले स्थान) स्थान दाखवणारे ‘जामित्र’ ही दुसरी. इंग्रजीतल्या ‘डायमीटर’चे ते सख्खे भावंड आहे. ‘केंद्र’ ही तिसरी. कुंडलीतली पहिले, चौथे, सातवे आणि दहावे ही स्थाने आजही केंद्रस्थाने म्हणवली जातात, आणि ग्रीक ज्योतिषीही या चार स्थानांना केंत्रोन हेच नाव देत असत.

थोडक्यात, प्राथमिक आरोग्य केंद्र, मतदान केंद्र, परीक्षा केंद्र, केंद्रप्रमुख आणि केंद्र सरकार हे शब्द बोलणारा मराठी माणूस मूळ ग्रीक शब्द इंग्रजांपेक्षा शुद्ध उच्चारतो. ‘त’चा ‘द’ झाला खरा, पण ‘क’ आपण सांभाळला. इंग्रजी शब्दात ‘सेंट्र’ दिसले की मनात ‘केंद्र’ म्हणावे, एवढी सवय आधी लावून घ्या.

पायरी २ : ‘आर’ शोधा

नवशिके सर्वांत जास्त अडखळतात ते इथे. इंग्रजीत सी-ई-एन-टी ही चार अक्षरे शेकडो शब्दांत येतात आणि त्यांतल्या बहुतेकांचा केंद्राशी काही संबंध नसतो. सेंच्युरी, पर्सेंट, सेंटिमीटर, सेंटिग्रेड या शब्दांत लॅटिनमधला ‘शंभर’ आहे. घरात भिंतीच्या कडेने पळणारी गोम इंग्रजीत सेंटिपीड म्हणजे शतपाद ठरली, तीही त्याच शंभरामुळे. रीसेंट, डीसेंट, इनोसेंट, क्रेसेंट, अॅडोलेसेंट या शब्दांचे तर प्रत्येकाचे कूळ निराळे आहे. त्यांच्या शेवटी ही चार अक्षरे आली, हा केवळ योगायोग. ‘अॅक्सेंट’ हा गाण्याच्या धातूवरून आला आहे. ‘इन्सेंटिव्ह’चे मूळही गाण्यातच आहे, त्यामुळे ‘कर्मचाऱ्याला केंद्रस्थानी आणते ते इन्सेंटिव्ह’ अशी जी व्युत्पत्ती प्रशिक्षण वर्गांत ऐकायला मिळते, ती ऐकून सोडून द्यावी.

कसोटी सोपी आहे. चार अक्षरांनंतर लगेच ‘आर’ आहे का, ते पाहा. सेंट्रल, कॉन्सेंट्रिक, एक्सेंट्रिक, सेंट्रिफ्यूगल, कॉन्सन्ट्रेट या सर्वांत टीला चिकटून आर येतो. अमेरिकी पद्धतीच्या ‘सेंटर’मध्ये टी आणि आर यांच्यामध्ये एक ई येऊन बसतो, तेवढा अपवाद धरावा. सेंच्युरियन या शब्दातही आर आहे, पण तो टीला चिकटलेला नाही. शंभर सैनिकांवरचा अधिकारी असल्यामुळे तो शंभराच्याच कुळात राहतो.

ही कसोटी लक्षात ठेवण्यासाठी मराठीनेच एक सोय करून ठेवली आहे. शेतकऱ्याच्या पराणीच्या टोकाला जो लोखंडी खिळा बसवलेला असतो, त्याला मराठीत ‘आर’ म्हणतात. केंत्रोन या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ नेमका तोच असल्यामुळे, शब्दात आर असेल तरच तो केंद्राचा, हे सूत्र माझ्या विद्यार्थ्यांना दुसऱ्यांदा सांगावे लागत नाही. पराणी न पाहिलेल्या शहरी मुलांना मी चांभाराची आरी सांगतो.

पायरी ३ : शब्दाचा पुढचा भाग सुटा करा

आर सापडली की तिच्या आधी काय जोडले आहे, ते पाहायचे. मजकुराचा खरा अर्थ बहुधा तिथेच असतो, म्हणून या पायरीला घाई करू नका.

‘एक्सेंट्रिक’मधला आरंभीचा भाग ग्रीकमध्ये ‘बाहेर’ असा अर्थ देतो. केंद्राबाहेरचा, हा त्याचा शब्दशः अर्थ. जुन्या ग्रीक खगोलशास्त्रात ज्या वर्तुळाचे केंद्र पृथ्वीवर नसून तिच्यापासून थोडे सरकलेले असे, त्याला हे विशेषण लावत. इंग्रजीतही तो शब्द आधी खगोलाचा होता. चारचौघांच्या चाकोरीबाहेर वागणाऱ्या माणसाला तो नंतर, सतराव्या शतकात, लागू झाला. म्हणजे ‘विक्षिप्त’ हा अर्थ उशिराचा आहे आणि छोटे कोश नेमका तोच आधी देतात. यंत्रशाळेत ‘एक्सेंट्रिक’ म्हणजे ज्याचा आस मध्यावर नसून एका बाजूला आहे अशी चकती. तिच्यामुळे फिरती गती मागेपुढे होणाऱ्या गतीत बदलता येते. खगोलात ‘एक्सेंट्रिसिटी’ म्हणजे कक्षा वर्तुळापासून किती ढळली आहे याचे माप. त्याला मराठीत उत्केंद्रता किंवा विमध्यता म्हणतात. पृथ्वीच्या कक्षेसाठी ती सुमारे ०.०१६७ इतकी कमी आहे, तरी तेवढ्यामुळेही जानेवारीच्या आरंभी सूर्य आपल्यापासून सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर आणि जुलैच्या आरंभी सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर असतो. वाचताना संदर्भ यंत्राचा, बांधकामाचा किंवा ग्रहाचा असेल, तर ‘विक्षिप्त’ हा शब्द पेनातून उतरू देऊ नका; माझ्या समासातली ती पेन्सिल आठवा.

‘कॉन्सेंट्रिक’मधला ‘कॉन’ लॅटिन आहे आणि त्याचा अर्थ ‘एकत्र’. ज्यांचे केंद्र एकच आहे अशी वर्तुळे म्हणजे समकेंद्री वर्तुळे. विहिरीत खडा टाकल्यावर पसरणाऱ्या लाटा किंवा कापलेल्या झाडाच्या बुंध्यातली कडी ही त्यांची उदाहरणे आहेत. ‘कॉन्सन्ट्रेट’ हे क्रियापद त्याच घरातले, म्हणजे सगळे एका केंद्राकडे आणणे. मराठीत त्याचे संदर्भानुसार वेगवेगळे शब्द होतात : मन असेल तर एकाग्र करणे, द्रावण असेल तर संहत करणे, सत्ता असेल तर एकवटणे. यातला ‘एकाग्र’ पाहण्यासारखा आहे. अग्र म्हणजे टोक. ज्याचे टोक एकच आहे ते एकाग्र. ग्रीकाने टोचणाऱ्या टोकावरून केंद्र घडवले आणि आपल्याकडे ध्यान करणाऱ्याचे मनही टोकावरच आणून ठेवले. याचा त्याच्याशी ऐतिहासिक संबंध नाही, पण शब्द लक्षात राहायला याचा उपयोग होतो. २०२१ साली घरोघरी तोंडी झालेला ‘ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर’ हाही याच क्रियापदाचा. ते यंत्र ऑक्सिजन तयार करत नाही. हवेतला नायट्रोजन अडवून ठेवते आणि उरलेल्या वायूतले ऑक्सिजनचे प्रमाण वाढवते. शब्द नीट फोडला असता, तर त्या काळात यंत्राविषयी पसरलेले बरेच गैरसमज टळले असते.

आणखी एक सापळा याच क्रियापदाशी आहे. ‘कॉन्सन्ट्रेशन कॅम्प’ या इंग्रजी शब्दात क्रौर्याचा उल्लेख कुठेच नाही. लोकांना एका जागी गोळा करून ठेवण्याची छावणी, एवढेच तो म्हणतो. मराठीने ‘छळछावणी’ म्हणून त्यातला खरा प्रकार उघड केला. इथे मुळाला चिकटून ‘केंद्रीकरण शिबिर’ असे लिहिणारा अनुवादक व्युत्पत्तीत बरोबर असतो आणि इतिहासात चूक.

‘एपिसेंटर’ या शब्दाची गफलत वर्तमानपत्रांत नित्य दिसते. ‘एपि’ म्हणजे ‘वर’. भूकंप जमिनीखाली जिथे सुरू होतो ती भूकंपनाभी; इंग्रजीत तिला फोकस किंवा हायपोसेंटर म्हणतात आणि त्यातला ‘हायपो’ म्हणजे ‘खाली’. नाभीच्या थेट वर भूपृष्ठावर जो बिंदू येतो तो एपिसेंटर, आपल्या भूगोलाच्या पुस्तकातले अपिकेंद्र. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांना हादरवणाऱ्या भूकंपाचे अपिकेंद्र किल्लारीजवळ होते आणि नाभी त्याखाली काही किलोमीटरवर होती. त्यामुळे ‘भूकंपाचे एपिसेंटर जमिनीखाली दहा किलोमीटर खोल होते’ असे वाक्य दिसले, तर ते मुळातच अशक्य आहे हे तुम्हाला आता एका उपसर्गावरून सांगता येईल. ‘केंद्रबिंदू’ या शब्दाने मराठीत दोन्ही गोष्टी झाकल्या जातात, म्हणून भूकंपाविषयी लिहिताना मी तो टाळतो.

बाकीचे उपसर्ग भराभर पाहता येतील. ‘डीसेंट्रलाइज’मधला ‘डी’ म्हणजे आपल्या विकेंद्रीकरणातला ‘वि’. ‘बॅरीसेंटर’मधला ‘बॅरी’ म्हणजे जड. दोन गोलांच्या वस्तुमानांचा समतोल बिंदू. पृथ्वी आणि चंद्र यांचा हा बिंदू पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे ४,६७० किलोमीटरवर, म्हणजे पृथ्वीच्या पोटातच येतो. ‘जिओसेंट्रिक’ आणि ‘हेलिओसेंट्रिक’ यांत अनुक्रमे पृथ्वी आणि सूर्य आहेत. दुसऱ्या मताची मांडणी करणारा कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ साली छापला गेला.

पायरी ४ : शब्दाचे शेपूट तपासा

केंद्र शब्दाच्या सुरुवातीला आले असेल, तर अर्थ शेपटात असतो. ‘सेंट्रिफ्यूगल’मध्ये ‘पळणे’ आहे आणि ‘सेंट्रिपिटल’मध्ये ‘शोधत जाणे’. पहिले केंद्रापासून पळते, दुसरे केंद्राकडे धाव घेते. पहिला शब्द डच शास्त्रज्ञ हायगेन्सने रूढ केला आणि त्याच्याच धर्तीवर न्यूटनने दुसरा घडवला. मराठीत पहिल्याला अपकेंद्री किंवा केंद्रोत्सारी म्हणतात, दुसऱ्याला अभिकेंद्री. परीक्षेत या दोहोंची अदलाबदल हमखास होते. ‘फ्यूगल’ ऐकले की ‘फरार’ आठवा, म्हणजे गोंधळ होणार नाही.

हे प्रत्यक्ष पाहायचे असेल, तर गळीत हंगामात एखाद्या साखर कारखान्यात जाऊन सेंट्रिफ्यूगल यंत्रांपाशी उभे राहावे. साखरेचे खडे आणि मळी यांचा तपकिरी, दाट रबडा वरून जाळीदार डब्यात सोडतात. डबा प्रचंड वेगाने फिरू लागतो, मळी जाळीच्या छिद्रांतून बाहेर फेकली जाते आणि जाळीला आतून चिकटलेला थर पाहता पाहता तपकिरीचा पिवळा आणि पाण्याचा फवारा बसला की पांढरा होतो. विहिरीवरचा मोनोब्लॉक पंपही सेंट्रिफ्यूगलच आहे : पाणी पंख्याच्या मध्यभागी आत शिरते आणि कडेने बाहेर पडते. या दोन गोष्टी पाहिलेल्या माणसाला ‘फ्यूगल’चा अर्थ कोशात शोधावा लागत नाही.

दुसरे मोठे शेपूट म्हणजे ‘-सेंट्रिक’. कोणत्याही नामाला ते जोडले की ‘त्याला केंद्रस्थानी मानणारे’ असा अर्थ होतो आणि मराठीत ‘-केंद्री’ हे तयार आहेच : इगोसेंट्रिक म्हणजे आत्मकेंद्री, अँथ्रोपोसेंट्रिक म्हणजे मानवकेंद्री, युरोसेंट्रिक म्हणजे युरोपकेंद्री. एक बारकावा सांभाळावा. आत्मकेंद्री माणूस स्वार्थी असेलच असे नाही. तो सगळे जग स्वतःच्या जागेवरून पाहतो, एवढाच त्याचा अर्थ, आणि लहान मुलांच्या बाबतीत तो दोषही नसतो. शिवाय इंग्रजीत ‘-सेंट्रिक’ला पुष्कळदा टीकेचा सूर असतो, तर ‘-सेंटर्ड’ बहुधा कौतुकाचा. ‘चाइल्ड-सेंटर्ड’ शिक्षण चांगले आणि ‘युरोसेंट्रिक’ इतिहास एकांगी. मराठीत दोन्हींना ‘-केंद्री’ लावावे लागते, म्हणून सूर वाक्यातून दाखवावा लागतो.

जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ‘सेंट्रोमिअर’ म्हणजे गुणसूत्रबिंदू आणि ‘सेंट्रिओल’ म्हणजे तारककेंद्र हे दोन शब्द भेटतील. पहिल्यातला ‘मिअर’ म्हणजे भाग, दुसऱ्यातले शेपूट लहानपण दाखवणारे. नववीच्या पुस्तकातले गुणसूत्रांचे चार प्रकार पाहा : मेटासेंट्रिक मध्यकेंद्री, सबमेटासेंट्रिक उपमध्यकेंद्री, अॅक्रोसेंट्रिक अग्रकेंद्री आणि टेलोसेंट्रिक अंत्यकेंद्री. पुस्तकातील व्ही, एल, जे आणि आय या अक्षरांच्या आकृत्या पाठ करण्याआधी मराठी नावे नीट वाचली, तर आकृती डोळ्यांसमोर आपोआप उभी राहते. यात ‘अॅक्रो’ आणि ‘टेलो’ यांची गल्लत होते, कारण दोन्हींचा अर्थ टोकाशीच जातो. ‘अॅक्रो’मध्ये बिंदू टोकाजवळ असतो, ‘टेलो’मध्ये अगदी टोकावर. माणसात टेलोसेंट्रिक गुणसूत्रे नसतात.

पायरी ५ : मराठीत ‘केंद्र’ लिहायचे की ‘मध्य’, ते ठरवा

भाषांतर करणाऱ्यांसाठी ही पायरी महत्त्वाची आहे. इंग्रजीतला ‘सेंटर’ मराठीत दोन शब्दांत विभागला गेला आहे. सत्ता, सेवा, संस्था किंवा बिंदू असेल तर केंद्र; दोन कडांमधली जागा असेल तर मध्य. सेंट्रल गव्हर्नमेंट हे केंद्र सरकार, पण सेंट्रल रेल्वे ही मध्य रेल्वे, आणि ज्याच्यात एकेकाळी विदर्भ होता तो सेंट्रल प्रॉव्हिन्सेस म्हणजे मध्य प्रांत. बाहेरगावाहून मुंबईत येणाऱ्यांसाठी यातला एक सापळा खास नोंदवतो : मुंबई सेंट्रल हे स्थानक मध्य रेल्वेवर नाही, ते पश्चिम रेल्वेवर आहे. ‘सेंट्रल’चे भाषांतर करत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर जाऊन उभे राहिलेले आणि गाडी चुकलेले प्रवासी मी पाहिले आहेत, त्यांतला एक मीच होतो.

भूमितीत तर नियम लावता येतच नाही. वर्तुळाच्या ‘सेंटर’ला वर्तुळकेंद्र म्हणतात, पण त्रिकोणाच्या ‘इन्सेंटर’ला अंतर्मध्य, ‘सर्कमसेंटर’ला परिमध्य, ‘ऑर्थोसेंटर’ला लंबसंपात आणि ‘सेंट्रॉइड’ला मध्यगासंपात. म्हणजे एकाच आरीचे पाच ठिकाणी केंद्र, मध्य आणि संपात असे तीन वेगळे मराठी शब्द झाले. माझे मत विचाराल, तर शेवटचे दोन शब्द इंग्रजीपेक्षा चांगले आहेत, कारण तो बिंदू कशाने मिळतो ते नावातच सांगितले आहे. अशा ठिकाणी स्वतः शब्द घडवू नये. पाठ्यपुस्तकात जो रूढ आहे तोच घ्यावा.

बांधकामावरचा ‘सेंटरिंग’ मात्र भाषांतराच्या फंदात न पडता तसाच राहू द्यावा. कमान बांधताना तिच्याखाली तात्पुरता उभा करतात त्या लाकडी सांगाड्याला इंग्रजीत हा शब्द आहे. कमानी गेल्या, स्लॅब आले आणि शब्द आपल्याकडे टिकून राहिला. गवंड्याला ‘केंद्रण’ म्हणून सांगाल, तर प्लेटा कोणीही आणणार नाही.

पायरी ६ : स्पेलिंग एकदाच पक्के करा

ब्रिटिश पद्धतीत शेवट आर-ई असा होतो, अमेरिकी पद्धतीत ई-आर असा. अमेरिकेत हे रूप घट्ट झाले ते मुख्यतः नोआ वेब्स्टरच्या कोशामुळे, जो १८२८ साली निघाला. भारतात शाळा आणि सरकारी कामकाज ब्रिटिश रूप वापरतात, संगणकातला स्पेलिंग तपासनीस मात्र पुष्कळदा अमेरिकी असतो आणि बरोबर शब्दाखालीही लाल रेघ ओढतो. त्याची भाषा आधी बदलून घ्यावी. एका लेखात एकच रूप ठेवावे. विशेषनामे याला अपवाद आहेत : मुंबईतल्या वर्ल्ड ट्रेड सेंटरचा शेवट आर-ई असा आहे आणि न्यूयॉर्कच्या त्याच नावाचा ई-आर. ‘सेंट्रल’, ‘सेंट्रिक’ यांसारख्या पुढच्या रूपांत दोन्ही देशांत काही फरक नाही.

‘एक्सेंट्रिक’मध्ये ई नंतर दोन सी येतात. पहिला क म्हणून उच्चारला जातो आणि दुसरा स म्हणून. ऐकून लिहिणारे तिथे हटकून एक्स लिहितात.

पायरी ७ : जिथे टोक अजून टोचते

आतापर्यंतच्या कसोटीला चुकवणारे काही थोडे शब्द उरतात. त्यांच्यात केंद्र नाही, पण केंद्राच्या आधीचा अर्थ शिल्लक आहे.

डायनोसॉरच्या नावांत ‘सेंट्रोसॉरस’ आहे आणि ‘केंट्रोसॉरस’ही आहे. पहिल्याचे अवशेष कॅनडातले आणि त्याला नाव मिळाले १९०४ साली. दुसरा टांझानियातला, त्याचे नामकरण १९१५ सालचे. एकात सी आहे, दुसऱ्यात के, मूळ मात्र दोन्हींचे एकच. पायरी दोनमधली कसोटी पार करूनही ‘सेंट्रोसॉरस’चा अर्थ ‘मध्यवर्ती सरडा’ असा होत नाही. दोन्ही नावांचा अर्थ ‘टोकदार काट्यांचा सरडा’ असाच आहे. प्राणी आणि वनस्पती यांच्या नावांत हे मूळ दिसले, तर आधी काटा, नांगी किंवा शिंग शोधावे.

वैद्यकात ‘-सेंटेसिस’ हे शेपूट येते. यात आर नाही, त्यामुळे माझे सूत्र इथे सपशेल नापास होते. ते ‘टोचणे’ या क्रियापदापासून थेट आलेले आहे, कंपासच्या खुणेपर्यंत ते पोहोचलेच नाही. फुप्फुसाभोवती साचलेले पाणी सुईने काढणे म्हणजे थोरॅकोसेंटेसिस, पोटातले काढणे म्हणजे पॅरासेंटेसिस. रुग्णालयातल्या कागदावर हे शब्द दिसले, तर कुठले तरी पाणी सुईने काढले जाणार आहे एवढे नक्की समजावे आणि कुठले, ते शब्दाच्या पुढच्या भागावरून किंवा डॉक्टरांना विचारून ठरवावे.

यातला ‘अॅम्निओसेंटेसिस’ महाराष्ट्राला गर्भजल परीक्षा या नावाने परिचित आहे. गर्भातल्या बाळाभोवतीचे थोडे पाणी सुईने काढून त्यातल्या पेशी तपासण्याची ही पद्धत आनुवंशिक आजार ओळखण्यासाठी आहे. लिंगनिदानासाठी तिचा गैरवापर झाल्यामुळे महाराष्ट्राने १९८८ साली त्याविरुद्ध कायदा केला आणि देशाचा कायदा १९९४ साली आला. मराठी नावात पाणी आले आणि परीक्षा आली, सुई मात्र गळली. इंग्रजी नावात ती अजून आहे.